मिस्त्रींचे चार बास

तिसऱ्या बास गिटारलाही तीच खरखर लागली, तेव्हा मामांचं डोकं सणकलं. जाड तार, तिसरा पडदा. तिथे बोट दाबून तार छेडली की पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. मामांनी बास जरा तिरका धरून पाहिला, मांडीवरून उचलून पोटाशी धरून पाहिला, तार सैल करून पुन्हा ताणून पाहिली. खरखर जागची हलली नाही.

"हा स्पीकर तरी धड आहे का?" ते म्हणाले.

"स्पीकर तुमचाच आहे," मिस्त्रींची मुलगी शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली.

ते खरंच होतं. दुसऱ्याच्या स्पीकरवर भरवसा नाही म्हणून मामांनी स्वतःचा स्पीकर घरून खांद्यावर वागवत आणला होता. आता स्वतःच्या स्पीकरवरचाही भरवसा उडाला.

सकाळपासून ते त्या सोफ्यांच्या कारखान्यात ठाण मांडून होते. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला कापड सोलून काढलेले सोफे, दुसऱ्या बाजूला फोमचे गठ्ठे, मध्ये शिवणयंत्र आणि सगळीकडे गोंदाचा वास. मामांना बसायला मिळालेला सोफाही अर्धवटच होता. जरा हललं की त्याच्या स्प्रिंगा कुरकुरायच्या, आणि मग ही कुरकूर सोफ्याची की बासची, हे ठरवण्यात आणखी वेळ जायचा.

मामा हे त्यांचं बँडमधलं नाव. बँड थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे दाजींचा. दाजींची मुलगी लहानपणी तालमीच्या खोलीत खेळत असायची आणि यांना मामा म्हणायची. तिचं ऐकून ड्रमवाला म्हणायला लागला, मग गाणारी, आणि आता तर क्लबातले वेटरही यांना मामा म्हणत. दिवसा मामा चष्म्याच्या दुकानात काउंटरवर उभे असत आणि संध्याकाळी बँडमध्ये मागच्या रांगेत, ड्रमच्या शेजारी. बास वाजवणाऱ्याकडे कोणी बघत नाही. लोक गाणारीकडे बघतात, फार तर गिटारवाल्याच्या केसांकडे बघतात. बास थांबला तर मात्र सगळ्यांनाच काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, फक्त काय बिनसलं ते सांगता येत नाही. मामांना याचं वाईट वाटत नसे. आपल्यावाचून यांचं अडतं आणि यांना त्याचा पत्ताही नसतो, यात त्यांना उलट गंमत वाटायची.

आणि गेल्या आठवड्यात तालमीत दाजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "मामा, तुझा बास म्हातारा झालाय रे," ते म्हणाले. "खरखरतोय. दुसरा बघ." या शनिवारी क्लबचा नवा मॅनेजर बँड ऐकायला बसणार होता. त्याला पसंत पडलं नाही तर सहाही जणांचं शनिवारचं वाजवणं बंद होणार होतं, आणि तेही मामांमुळे. मामा बघतो म्हणाले. पण मनातून त्यांना झोंबलं. स्वतःला कोणी बोललं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं, बासला बोललेलं त्यांना खपत नव्हतं.

दुसरा बघ म्हणायला दाजींचं काय जात होतं? मामांना कुठलाही बास चालत नसे. त्यांचा बास मिस्त्रींचा होता, आणि मिस्त्रींचं नाव कुठल्या दुकानाच्या काचेत लागलेलं नव्हतं. मिस्त्री मूळचे पलंग-कपाटं करणारे. एके काळी गल्लोगल्ली बँड निघाले, तेव्हा त्यांनी पलंगाच्याच लाकडातून बास गिटारी करायला घेतल्या. त्यांची एक तऱ्हा होती. बास सांगायला आलेल्या माणसाच्या डाव्या हातात ते लाकडाच्या भेगा बुजवायच्या लांबीचा ओला गोळा द्यायचे आणि मूठ वळायला सांगायचे. त्या मुठीचा ठसा समोर ठेवून बासची दांडी तासायची. त्यामुळे मिस्त्रींचा प्रत्येक बास एकाच माणसाच्या हाताचा असे. दुसऱ्याने तो वाजवायचा म्हणजे दुसऱ्याच्या चपला घालून जिना चढण्यासारखं. मामांची मूठ मिस्त्रींनी घेतली तेव्हा त्यांना नुकती मिशी फुटली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या हाताने दुसरी दांडी कधी धरली नव्हती.

मिस्त्री गेले, पण चार बास मागे राहिले. ज्यांनी सांगितले ते न्यायला आलेच नाहीत. मुलीने कारखान्यात सोफे शिवायला घेतले आणि बास फोमच्या गठ्ठ्यांमागे उभे करून ठेवले. मिस्त्रींच्या हातचाच बास हवा, या हट्टापायी मामा तिचा पत्ता शोधत आले होते.

पण चारांतला एकही मनासारखा निघेना. पिवळ्या बासची दांडी हाताला बरी होती, पण आवाज असा गुळमुळीत की तोंडात घास घेऊन कोणी बोलतंय असं वाटावं. काळ्याचा आवाज भरदार होता, पण त्याच्या खुंट्या फिरत राहायच्या, सूर धरून ठेवायचा म्हणजे शिक्षाच. तपकिरी बास दिसायला सर्वांत देखणा आणि म्हणूनच मामांना त्याचा पहिल्यापासून संशय. चौथा लाल. तो एका पैलवानी माणसासाठी केलेला. त्याची दांडी धरायची म्हणजे पलंगाचा पाय धरल्यासारखं, म्हणून मामांनी तो शेवटी ठेवला होता. आता नाइलाजाने तोही मांडीवर घेतला. जाड तार, तिसरा पडदा. पुन्हा तेच.

मामांनी लाल बास सोफ्यावर ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ टाकलाच.

"ताई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण तिसऱ्या पडद्यावर मिस्त्रींचं काहीतरी चुकतच होतं. चारही बासांत तोच दोष आहे."

शिवणयंत्र थांबलं. मिस्त्रींची मुलगी मामांच्याच वयाची, अंगाने आडवी, दिवसभर जाड कापड ओढून तिचे हात सुताराच्या हातांसारखे झाले होते. इतका वेळ तिने मामांची पिरपिर निमूट ऐकली होती, त्यांनी तीनदा खिडकी लावायला सांगितली ती तीनदा लावली होती. आता ती उठून आली.

"चारही बासांत एकाच जागी? म्हणजे माझ्या बाबांनी जन्मभर एकच चूक केली म्हणता?"

"तसं नाही हो. पण माणूस आहे. एखाद्या जागी हात हलतो."

"दाखवा कुठे."

मामांनी लाल बास पुन्हा मांडीवर घेतला आणि जागा दाखवली. तिने वाकून तिथे अंगठा दाबला आणि वाजवा म्हणाली. मामांनी उजव्या हाताने तार छेडली. आवाज आला तो स्वच्छ, खोल, पायाखालच्या फरशीतून वर आल्यासारखा. खाली सोफ्याच्या स्प्रिंगाही थरथरल्या.

"अंगठ्याला जोर असतो," मामा म्हणाले. "अंगठ्याने कोणी वाजवत नाही."

"बरं. तुम्ही कुठलं बोट लावता?"

मामांनी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट दाखवलं. तिने आपलं तेच बोट पडद्यावर दाबलं. आवाज पुन्हा स्वच्छ. मग काळा बास आणला, मग पिवळा, मग तपकिरी. ती दाबायची आणि मामा छेडायचे. दोघं मिळून एकच वाद्य वाजवत होती, आणि एकाही बासला खरखर नव्हती. शेवटी मामांनी तिला हात बाजूला करायला सांगितलं, आपलं बोट लावलं आणि सगळा जीव त्या बोटात आणून दाबलं. माशी डब्यात परत आली.

तिने त्यांचं बोट धरून उजेडात आणलं. मग ती म्हणाली, "सांधा सुजलाय तुमचा."

मामांनी बोटाकडे पाहिलं. सांधा सुजलेला होता. काही महिन्यांपूर्वी त्या बोटातली अंगठी निघेना म्हणून सोनाराकडून कापून घ्यावी लागली होती. तेव्हाही त्यांनी दोष अंगठीलाच दिला होता.

त्यांच्या दुकानात दर दोन दिवसांनी एखादं गिऱ्हाईक तणतणत यायचं. काच खराब निघाली, दुसरी द्या. मामा काच पुसायचे, उजेडात धरायचे, आणि मग जमेल तितक्या हळू आवाजात सांगायचे की एकदा डोळे तपासून घ्या. लोक भडकायचे. सरळ सांगितलेलं माणसाला एवढं का लागावं, हे मामांना कधी कळलं नव्हतं.

आता कळलं, आणि त्यापाठोपाठ बाकीचंही कळलं. शेजारच्या खोलीत कपबशी वाजली तर कुठल्या कपाला चीर आहे ते सांगणारा दाजींचा कान. त्या कानाला बास आणि बोट यांतला फरक कळला नसेल? त्या दिवशी तालमीत ड्रमवाला उगाच काड्या पुसत बसला होता. बहिणीने त्या रात्री जेवताना त्यांना दोनदा वाढलं आणि एकदाही थट्टा केली नाही. मागे ताप आला तेव्हा मामांच्या जागी भाचीने एक शनिवार वाजवलं होतं. कसं झालं विचारलं तर सगळे एका सुरात म्हणाले, कसंबसं निभावलं. सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि बिचाऱ्या बासवर आळ घेतला. मामांना संताप आला. एवढी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसांना तोंडावर एक वाक्य बोलता येऊ नये? आणि आपणही कसले शहाणे, मेलेल्या माणसाच्या कारागिरीवर बोट ठेवायला निघालो, ते नेमकं हेच बोट.

"मिस्त्रींना नाव ठेवलं," ते म्हणाले. "चुकलं माझं."

"बाबांना सवय होती," ती म्हणाली. "येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्यांनाच बोलायचं. तुम्हाला पाणी देऊ का?"

पाणी पिऊन मामा घरी जाऊ शकले असते. पण शनिवार जवळ आला होता, आणि त्यांचा जुना बास दुसऱ्या कोणाच्या हातात बसणारा नव्हता. भाची त्याच्यावरच शिकली होती, सुटीच्या दिवशी दुपारी, आणि सारखी कुरकुरायची. तिची उंची बापावर गेलेली, बोटं लांबच लांब. घरात तिला सगळे शिडी म्हणत. "मामा, हा बास आहे की पेन्सिल?" ती म्हणायची. मामांना वाटायचं, पोरीला कष्ट नकोत.

ते उठले आणि मिस्त्रींच्या मुलीला सोफ्यावर बसवलं. एका हाताने दाबा, दुसऱ्या हाताने छेडा, घाई करू नका, असं सांगून स्वतः दारापाशी जाऊन उभे राहिले. ती एकेक बास घेऊन ठणठण वाजवत होती, लय नाही, ताल नाही, आणि मामा डोळे मिटून ऐकत होते. इतक्या वर्षांत त्यांनी बास समोरून कधी ऐकलाच नव्हता. ते कायम त्याच्या मागे उभे असायचे. सकाळपासून त्यांनी प्रत्येक बासमध्ये आपलं बोट लपवायला जागा शोधली होती, आता लपवायचं काही नव्हतं आणि निवड सोपी झाली. पिवळा दारापर्यंत पोचतच नव्हता. तपकिरी पोचत होता, पण एकटाच मिरवत होता, त्याला बँडमध्ये कोणाशी जमवून घेता आलं नसतं. काळा उत्तम होता आणि घटकेत बेसूर होत होता. लाल बास कानावर पडल्यासारखा वाटतच नव्हता, खोलीच जरा भक्कम झाल्यासारखी वाटत होती.

"लाल," मामा म्हणाले.

त्यांनी दाजींना फोन लावला. बास मिळाला म्हणून सांगितलं. दाजींनी घाईघाईने विचारलं, खरखरत नाही ना? मामा नाही म्हणाले. मग म्हणाले, "शिडीला सांगा, आजपासून तालमीला तिने उभं राहायचं. बास तिच्या हाताचा आहे."

"मामा," दाजी म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं रे."

"मग कसं म्हणायचं होतं?"

मामांनी थोडी वाट पाहिली आणि फोन ठेवला.

लाल बासचा कातडी पट्टा वाळून त्याचे तुकडे पडले होते. मिस्त्रींच्या मुलीने सोफ्याच्या जाड पट्टीतून नवा करून देते म्हटलं. तिने पट्टी मामांच्या खांद्यावरून घेतली, कमरेशी आणली आणि तिथे खडूने खूण करायला गेली.

"माझ्या अंगावर नका मोजू," मामा म्हणाले. "ती माझ्यापेक्षा उंच आहे. आणखी सोडा. आणखी."

तिने पट्टी सोडत नेली. मामा थांबा म्हणाले तिथे खूण केली, दोन वेळा शिवण मारली आणि एक कडी अडकवली, लांबी कमी-जास्त करता यावी म्हणून. कडी कशी सरकवायची तेही दाखवलं.

मामा बाहेर पडले तेव्हा दुकानं उघडी होती, माणसं कामाला येत-जात होती. एका खांद्यावर स्पीकर, दुसऱ्या खांद्यावर बास. पट्टा इतका लांब की पावलागणिक बास त्यांच्या गुडघ्यावर आपटत होता. नाक्यावर ते थांबले, स्पीकर खाली ठेवला, हात झटकला. कडी जरा ओढली असती तर पट्टा आखूड होऊन चालणं सोपं झालं असतं. त्यांनी स्पीकर पुन्हा उचलून खांद्यावर घेतला, आणि बास गुडघ्यावर आपटत असतानाच रस्ता ओलांडला.