पोटातली वस्ती

महिनाभर जुलाबांनी बेजार होऊनही घड्याळजी गोळी घेईनात. "वय झालं की पोट रुसतंच," हे त्यांचं पालुपद. शेवटी जुलाबांवरच्या औषधांचं संशोधन करणाऱ्या लेकीने त्यांच्या शौचाचा नमुना गार व्हायच्या आत काचेवर घेतला आणि बापाला मायक्रोस्कोपपुढे बसवलं.

उभा जन्म भिंगातून बघण्यात गेलेला, पण असली यंत्रं त्यांनी पाहिली नव्हती. डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेले इवलेसे जीव गळत्या पानासारखे गिरक्या घेत होते. ना चावी, ना स्प्रिंग!

"बाबा, हे सगळे तुमच्या पोटातले."

घड्याळजींनी गोळीसाठी हात पुढे केला, पण नजर काही हलेना.

"तुझी आई गेल्यापासून," ते पुटपुटले, "मला वाटायचं, मी एकटाच जेवतो."