उलटा फिरलेला पंखा

मी रेडिएटरचा पंखा आहे. छताला टांगलेला, झोप आणणारा नव्हे. गाडीच्या बॉनेटखाली बसून इंजिनाचं डोकं थंड ठेवणं हे माझं काम. आता नाशकात सातपूरच्या एका घराच्या जिन्याखाली पडलोय. मला जे बोलायचंय ते ऐकायला इथे कोणी नाही. तुम्ही तरी ऐका.

माझी पहिली गाडी अपघातात गेली आणि मी जुन्या सुट्या भागांच्या ढिगावर येऊन पडलो. तिथून मला अश्विन आणि त्याची धाकटी बहीण साक्षी यांनी उचललं. अश्विन एका जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवून ती शर्यतीसाठी तयार करत होता. इंजिन मोठं, त्यामुळे रेडिएटरच्या मागे जेमतेम चार बोटं जागा उरलेली. अश्विनचा जीव एका थोराड, रुबाबदार पंख्यावर जडला होता. साक्षीने माझी जाडी मोजली, पाती निरखली, बॅटरीला लावून माझा आवाज ऐकला आणि म्हणाली, हाच घे. ढिगातून कोणी पारखून घेतलं की बरं वाटतंच.

साक्षीने आयटीआयमधून वायरमनचा कोर्स केलेला. अंबडला किशोरभाऊंचं शर्यतीच्या गाड्यांचं गॅरेज आहे. ही गाडी नांदुरीचा घाट नीट चढली तर दोघांनाही कामावर घेतो, असं त्यांनी सांगितलं होतं. अश्विनला कुठेही काम मिळालं असतं. साक्षीला मात्र दारोदार एकच ऐकायला मिळालेलं, मुलीचं गॅरेजात काय काम. तिची सगळी भिस्त त्या एका चढावर होती.

तिने मला जोडलं ते बघण्यासारखं होतं. जाड वायर, वेगळा फ्यूज, रिले, पाणी तापलं की आपोआप चालू करणारा स्विच. एकही सांधा नुसता पिळून सोडला नाही. इंजिन थंड असतानाच तिने मला थेट बॅटरीवर चालवून पाहिलं. मी फिरलो आणि पुढच्या जाळीतून हवा ओढून इंजिनाकडे टाकू लागलो. तसंच हवं असतं.

अश्विनने जाळीपुढे तळहात धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"वारा कुठे लागतोय? उलटा जोडलास तू."

माणसांचं हे असंच. पंखा म्हटला की वारा अंगावर आला पाहिजे. साक्षीने परोपरीने समजावलं की याने वारा द्यायचा नाही, ओढायचा. पण गाडी दादाची आणि दादा मोठा. त्यात वडील, सावळीराम, म्हणाले की तो सांगतोय तसं कर. तिने लाल आणि काळ्या तारांची अदलाबदल केली. मी उलटा फिरू लागलो, जाळीतून वारा बाहेर यायला लागला. एप्रिलचं ऊन होतं. सावळीराम गाडीपुढे स्टूल टाकून बसले, शर्टाची बटणं सोडली आणि आता कसं गार वाटतंय म्हणाले. अश्विन खूश. माझा जीव तुटत होता, पण पंख्याच्या घरघरीतून कोणाला काय कळणार?

घाटाच्या दिवशी गाडी अश्विन चालवत होता, किशोरभाऊ त्याच्याशेजारी बसले, साक्षी मागे. चढ लागला तशी गाडीची चाल मंदावली. समोरून येणारी हवा आत यायला बघत होती आणि मी तिला बाहेर ढकलत होतो. निम्म्या घाटात पाणी उकळलं, वाफेचा लोट उठला आणि इंजिन जागीच बंद पडलं.

किशोरभाऊंनी बॉनेट उघडलं. मी अजून फिरत होतो. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

"पंखा उलटा फिरतोय. तारा कोणी जोडल्या?"

अश्विन घाम पुसत होता.

"साक्षीने," तो म्हणाला.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच फार लागलं. साक्षीने त्याच्याकडे पाहिलं. तो पुढचं वाक्य बोलेल म्हणून ती थांबली, मीही फिरता फिरता वाट पाहिली. तो बॉनेटची दांडी उगाच हलवत राहिला. किशोरभाऊंसमोर दादाला खाली मान घालायला लावणं तिच्या जिवावर आलं असावं. ती मागून पाण्याचा कॅन काढायला गेली.

इंजिन बसवलंय झकास म्हणून किशोरभाऊंनी अश्विनला कामावर घेतलं. साक्षीला अजून थोडं शिक म्हणाले. पुढे ती गाडी मोडून तिचे भाग सुटे केले आणि मी या जिन्याखाली आलो.

परवा घरातला कूलर बंद पडला. एक वायर सुटली होती, एवढंच. सावळीरामांनी साक्षीला हाक मारली. तिने वायर उचलली, बराच वेळ नुसती हातात धरली आणि खाली ठेवली.

"दादा आला की त्याला विचारून लावते, बाबा."

अश्विन, तू आता गॅरेजात माझ्या भाऊबंदांना अगदी बरोबर जोडतोस. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर नुसता हसतोस, असं तूच परवा जेवताना सांगत होतास. साक्षीही ताटावर होती. तिला एकदा एवढंच सांग, 'उलटं मीच लावायला लावलं.' सांगणार नाहीस तू, ठाऊक आहे मला.

रविवारी भंगारवाला येणार आहे. साक्षी, तू बरोबर जोडलं होतंस. हे ज्याला माहीत आहे तो तुझ्याशेजारी बसून जेवतो, आणि ज्याला तुला सांगायचंय त्याला तोंड नाही.