वाडगा परत करायला गेलेली सायकल

मित्रांनो, माझ्या चेनची करकर ऐकलीत की माझे वय वेगळे सांगायला नको. मी दोन सिटांची, दोन हँडलांची, लांबलचक पोलादी सायकल आहे. एके काळी माझा रंग हिरवा होता. माझ्यावर पुढे बसणारा वळवतो आणि ब्रेक लावतो. मागे बसणारा पॅडल मारतो आणि पुढच्यावर विश्वास ठेवतो. मला डोळे नाहीत. रस्ता मला चाकांखाली कळतो, माणसे वजनावरून कळतात आणि बाकीचे सगळे पुढचा माणूस बोलेल त्यावरून. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढे तुम्ही मला खोटारडी म्हणाल.

माझा जन्म क्विबेकमधल्या एका छोट्या कारखान्यात झाला. माझे पहिले मालक दोघे सख्खे भाऊ होते. दुसरा पॅडल मारत नाही, अशी प्रत्येकाची खात्री होती. त्यांच्या भांडणात माझे हाल झाले. शेवटी त्यांनी मला विकून टाकले आणि मी वॉन शहरातल्या एका गोदामात छताला उलटी टांगली गेले. तिथे किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. गोदामात रस्ता नसतो, त्यामुळे मोजायला काही नसते.

२०१५ च्या वसंतात हेमचंद्रराव आले. ते स्कारबरोत राहणारे निवृत्त इंजिनिअर. सगळी हयात त्यांनी पूल बांधले होते. त्यांनी माझा प्रत्येक सांधा बोटाने चाचपला आणि गोदामवाल्याला इतके प्रश्न विचारले की तो बिचारा कॉफी आणायला निघून गेला. मग त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पुढे आल्या. त्या फॅमिली डॉक्टर होत्या, आता निवृत्त. त्यांची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यांनी माझी मागची सीट शोधली, त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हीच घ्या." एवढे कौतुक माझे आजवर कुणीच केले नव्हते.

मला त्यांचे वजन लगेच आवडले. काही माणसे सीटवर आदळतात. मंदाकिनीबाई बसायच्या. चालताना त्यांना कुणाचा तरी दंड धरावा लागे, जिन्यावर पायऱ्या मोजाव्या लागत. माझ्यावर मात्र त्या दोन्ही पायांनी जोर लावून वाऱ्यात जायच्या. हेमचंद्रराव पुढून सगळे सांगत राहायचे. डावीकडे खड्डा, आता उतार, आता चर्चचा मनोरा दिसला, आता शेतात एक गाय बसली आहे. त्यात कधी चूक नसे. पुलांचा हिशेब करणारा माणूस तो, एक खडाही सोडत नसे.

दर सप्टेंबरमध्ये ते मला गाडीच्या टपावर बांधून क्विबेकच्या खेड्यांत नेत. तिथे एक कॉटेज भाड्याने घेत. त्या फ्रेंच मुलखात शेतांमधून सरळ जाणाऱ्या रस्त्याला 'रां' म्हणतात. दोन्ही बाजूंना माणसाहून उंच मका, आणि चौकाचौकात एक जुना लाकडी क्रॉस. तासभर गेला तरी एक मोटार भेटत नाही. वारा नसतानाही मका आपसांत काहीतरी बोलत असतो. सगळे रस्ते सारखेच. पळसाला पाने तीनच, असे हेमचंद्रराव म्हणायचे. आवडायचे ते मला. पण खरे सांगते, थोडी भीतीही वाटायची.

२०१६ साली अशाच एका रस्त्यावर, परतीच्या आदल्या दिवशी दुपारी माझी चेन तुटली. तिची एक पिन मागे कुठेतरी गळून पडली होती. रस्त्याकडेला उंच झाडांचे कुंपण होते आणि कुंपणाआड कुणाचे तरी घर. हेमचंद्ररावांनी बायकोला कुंपणाजवळच्या दगडावर बसवले, मला झाडाला टेकवले आणि ते पिन शोधत मागे चालत गेले. त्यांची पावले खडीवर वाजत वाजत लांब गेली. मका अचानक गप्प झाला.

मग मंदाकिनीबाई फ्रेंचमध्ये बोलू लागल्या. मॉन्ट्रियलला डॉक्टरकी शिकताना त्यांना ती भाषा आली होती. त्या थांबायच्या, ऐकायच्या, हसायच्या, पुन्हा बोलायच्या. दुसरा आवाज मला ऐकू आला नाही. पावलांचाही नाही. पण माझ्या मागच्या सीटवर कुणीतरी हात ठेवला. मित्रांनो, हातालाही वजन असते. तो हात दोघांपैकी कुणाचाही नव्हता आणि सप्टेंबरच्या उन्हात तो थंड होता.

हेमचंद्रराव परत आले तेव्हा मंदाकिनीबाईंच्या मांडीवर एनॅमलचा एक वाडगा होता, प्लमनी भरलेला. इथल्या आजीबाईंनी दिला, असे मंदाकिनीबाई म्हणाल्या. हेमचंद्रराव चेन जोडण्यात गढले होते. त्यांनी चार प्लम खाल्ले, गोड आहेत म्हणाले आणि आम्ही निघालो. वाडगा आमच्याबरोबर स्कारबरोला आला.

मराठी घरातली एक रीत मला तेव्हा कळली. कुणी भांड्यातून काही दिले, तर ते भांडे रिकामे परत करायचे नाही. वर्षभर मंदाकिनीबाईंना त्या वाडग्याचा ध्यास लागला. त्यात काय घालून द्यायचे यावर त्या घरातल्या सगळ्यांशी बोलल्या. त्यांची मुलगी अवंतिका वॉनला राहते, ती दर रविवारी यायची. तिला हे लक्षण बरे वाटले नाही. आई हल्ली त्याच त्याच गोष्टी बोलते, तिच्या स्मरणशक्तीची टेस्ट करून घेऊ या, असे ती वडिलांना गॅरेजमध्ये हळूच म्हणाली. तसेच काही निघाले तर सायकलवर बसवणे बंद, हेही तिने बजावले. काळजीपोटीच बोलली ती.

२०१७ च्या सप्टेंबरात मंदाकिनीबाईंनी कॉटेजच्या स्वयंपाकघरात नुसत्या वासावर बेसन भाजले आणि लाडू वळले. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या कुंपणापाशी पोहोचलो. कुत्रा आहे का ते आधी बघून येतो, असे सांगून हेमचंद्रराव वाडगा घेऊन आत गेले. मंदाकिनीबाई मला धरून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने ते परतले.

"दिला," ते म्हणाले. "खूश झाल्या. मेर्सी म्हणून आभार मानले त्यांनी."

मला त्यांचा आवाज वेगळा वाटला. खड्डा सांगतानाचा तो आवाज नव्हता. माझ्या हँडलवरची मंदाकिनीबाईंची बोटे घट्ट झाली. आणि मागच्या सीटवर पुन्हा तो थंड हात आला.

"अहो," त्या हळू म्हणाल्या, "त्या इथे माझ्याजवळ उभ्या आहेत. विचारतायत, वाडगा पायरीवर का ठेवलात."

हेमचंद्ररावांच्या खिशातल्या किल्ल्या वाजू लागल्या. धरले तर चावते, सोडले तर पळते, अशी त्यांची गत झाली. घर ओसाड आहे असे सांगावे, तर बायको स्वतःलाच वेडी समजेल. न सांगावे, तर ती ज्याच्या भरवशावर मागे बसली तो माणूस खोटा ठरेल.

"मंदा, मी खोटं बोललो. दारं-खिडक्या फळ्या ठोकून बंद आहेत. अंगणात गुडघाभर गवत आहे. प्लमचं झाड कधीच वाळलंय. इथे मला कोणी दिसत नाही."

"डोळे गेलेल्यांना चित्रं दिसतात," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "मी पेशंटना हेच समजावायची, घाबरू नका म्हणून. पण चित्रं प्लम देत नाहीत हो. तुम्हीही खाल्लेत."

हेमचंद्रराव पुन्हा आत गेले. या वेळी लगेच आले. मघाशी त्यांनी पायरीवर आपला रुमाल पसरून त्यावर वाडगा ठेवला होता, आवाज होऊ नये म्हणून. आता वाडगा नव्हता, लाडू नव्हते. रुमाल चौकोनी घडी करून ठेवलेला होता. त्यांनी हे सगळे जसेच्या तसे बायकोला सांगितले. मंदाकिनीबाई माझ्या हँडलवर डोके टेकून रडल्या. त्या दुःखाने रडत नव्हत्या, एवढे मला कळले. परतताना हेमचंद्ररावांनी रस्त्यावरचे एकेक पान सांगितले.

स्कारबरोला आल्यावर अवंतिकेने वडिलांना सरळच विचारले, तिथे कोणी होते का. बायकोला भास झाला म्हटले असते, तर ते स्वतः सुटले असते. पण त्यांनी रुमालाच्या घडीसकट सगळे सांगितले. मला कोणी दिसले नाही, पण वाडगा नेला गेला, आता टेस्ट करायची तर दोघांची कर, असे म्हणाले. अवंतिकेने मला गॅरेजमध्ये वर टांगायला लावले. त्या हिवाळ्यात माझ्या चेनवर गंज चढला, चाकांतली हवा गेली. मंदाकिनीबाई अधूनमधून येऊन हात उंच करून माझी सीट चाचपायच्या. त्यांचे खाणे कमी झाले होते. माझा जीव तुटायचा, पण सायकल काय बोलणार?

पुढच्या सप्टेंबरात अवंतिकेने ठरवले की आपण स्वतः जाऊन ते घर पाहायचे आणि हा विषय संपवायचा. नंतर मला विकायचे. मला पुन्हा टपावर बांधून नेले; मंदाकिनीबाई कॉटेजवर थांबल्या आणि त्यांच्या सीटवर अवंतिका बसणार होती. हेमचंद्ररावांनी मुलीला एकच अट घातली. शेवटच्या चौकापासून तिने डोळे मिटायचे. मागे बसलेल्याला काय कळते, ते डोळे उघडे ठेवून कळत नाही, असे ते म्हणाले. ती हसली आणि कबूल झाली.

अवंतिकेचे वजन मला नवीन होते. ती पहिल्यांदा ताठ बसली होती, पॅडलवर उगाच जोर देत होती. हेमचंद्रराव सांगत होते, उजवीकडे खडी, पुढे चढ, मका कापायला आला आहे. हळूहळू तिचे खांदे सैल पडले. कुंपण आले तसा मका गप्प झाला. हेमचंद्ररावांनी ब्रेक लावला आणि पाय टेकले.

अवंतिकेच्या हातावर आणखी एक हात आला. दोन्ही हातांचे वजन माझ्या हँडलवर पडले. तिचा श्वास थांबलेला मला कळला. वडिलांना तिने काही दिसते का, असे विचारले नाही.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "व्हॉट डू आय से टू हर? आय डोन्ट नो एनी फ्रेंच."

हेमचंद्ररावांनी मान वळवली. "मला कोणी दिसत नाही, बाळा," ते म्हणाले. "आई नमस्काराला बाँजूर म्हणते."

अवंतिकेने बाँजूर म्हटले. दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवर मंदाकिनीबाई बसल्या. मुलीनेच त्यांना हात धरून बसवले आणि माझ्या विक्रीची जाहिरात काढून टाकली. आता माझ्या चेनला तीच तेल घालते, बोटे काळी करून.

मित्रांनो, जुन्या सायकलींना उलटे टांगून विसरू नका. महिन्यातून एकदा हवा भरा. पुढे बसलात तर रस्ता आहे तसा सांगा, खड्डा लपवू नका. आणि मागे बसलेले माणूस कधी म्हणाले, की कुणीतरी जवळ उभे आहे, तर वळून शोधत बसू नका. वळून काही दिसत नाही. सायकल थांबवा आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्या.