गोरेगावच्या गच्चीवरची तबकडी

मित्रांनो, टीव्हीच्या छोट्या छत्र्या तुम्ही घरोघरी पाहता. मी त्यांच्याच जातीची, पण एक जुनी आणि मोठी तबकडी आहे. माझ्यातून सिनेमे येत नसत. बाजारभाव आणि निरोप येत.

२००१ साली एका कंपनीने मला परभणीकडच्या गोरेगावात किशनरावांच्या दुकानाच्या गच्चीवर बसवलं. खाली एक संगणक होता आणि तो चालवायला पल्लवी. ती लिहायची, मी ते आकाशातल्या उपग्रहाकडे पाठवायचे आणि आलेलं उत्तर उतरवून घ्यायचे. सोयाबीनचा भाव बघायला पार पुसेगावचे लोकही जीपने येत. माझी सेवा महाग होती, पण दुसरी सोयच नव्हती. त्यामुळे माझा केवढा मान!

चार वर्षांनी जमिनीखालून केबल आली. ती स्वस्त होती आणि वेगवानही. माझं काम थांबलं.

"पल्लवी, आता ही काहून ठेवायची? काढून टाकू," किशनराव म्हणाले.

"काका, कंपनीचा करार संपायला वरीस हाय. राहू द्या न."

तिने मला पुसणं सोडलं नाही. काम गेल्याचं मला वाईट वाटलं, पण केबलचा राग आला नाही. तिच्यामुळे पोरांना परीक्षेचे निकाल झटकन कळू लागले होते.

त्याच हिवाळ्यात रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. गावातले फोनही बंद पडले. नेमके तेव्हाच मेंढपाळ पुंजाजी धापा टाकत दुकानात आले.

"पोरी, माजी मेंढरं मरून राहिली! तोंडात फोड आले, नाकातून पानी गळून राहिलं. कालपासून सात गेली."

पल्लवी कॅमेरा घेऊन त्यांच्या मेंढवाड्यावर गेली. परत आल्यावर तिने माझी वायर संगणकाला जोडली. कित्येक महिने मी गप्प होते. मला जमेल का? फोटो एकेक करून, हळूहळू वर गेले. तासाभराने परभणीहून जनावरांच्या डॉक्टरबाईंचं उत्तर आलं: साथीचा रोग दिसतो. आजारी मेंढरं आत्ताच वेगळी बांधा. उद्या लस घेऊन येते.

बाई बर्फाच्या डब्यात लस घेऊन खरंच आल्या. साठातली नऊ गेली, बाकीची वाचली. पुंजाजींनी गच्चीवर येऊन मला हात जोडले.

"चुकत होतो मी," किशनराव पल्लवीला म्हणाले. त्यांनी करार वाढवून घेतला.

पण २००९ पर्यंत मोबाइलचे मनोरे उभे राहिले, केबलही पक्की झाली. इथं माझी गरज खरोखरच उरली नाही. कंपनीची माणसं मला न्यायला आली. केबल न पोचलेल्या एका डोंगरातल्या गावात मला बसवणार होते.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुनं अजून चालत असेल, तर घाईने मोडीत टाकू नका. ते जिथं लागेल तिथं पोचवा. मला सांभाळणारी माणसं मिळाली, याचं समाधान घेऊन मी निघाले.

टेम्पो सुटता सुटता पुंजाजी पळत आले आणि अंगावरचं घोंगडं काढून माझ्याभोवती गुंडाळू लागले.

"लांबचा रस्ता हाय," ते ड्रायव्हरला म्हणाले. "हळू ने बाबा, मान्सासारखी ने."