बंद झाकणाची पेटी

त्याने झाकणाचा चौथा स्क्रू आवळला, पेटी उलटी करून जोरात हलवली. आत टाकून पाहिलेलं कार्ड खडखडलं, पण फटीतून बाहेर काही पडलं नाही.

"एवढा बंदोबस्त?" मेव्हणी चौकटीला टेकून बघत होती. "तिजोरी करताय का, भाऊजी?"

"ठकू बोटं घालून कार्डं परत काढते. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, तिच्या डोळ्यांदेखत आत गेलेलं बाहेर यायला नको. तरच तिला कळेल, संपलं म्हणून."

"आणि माझ्या ताईलाही यातच टाकणार?"

त्याने पॉलिशचा कागद घेतला आणि फटीची कड घासायला लागला. सुतार माणूस; बोलायची वेळ आली की हात कामाला लावायचा.

"ताईला जाऊन अजून दोन महिने नाही झाले. तुम्हाला फारच घाई झालीय."

"चार वाजता इथे तू असतेस का?"

मेव्हणीने पर्स उचलली आणि चपला पायांत सरकवत निघून गेली.

त्याची मुलगी ठकू आठ वर्षांची होती. तिला ऑटिझम होता, आणि तिचा दिवस भिंतीवरच्या बोर्डावर चालायचा. दात घासणं, शाळा, झोका, आई, खाऊ, बाबा, जेवण, झोप. एक काम झालं की तिने त्याचं कार्ड वेलक्रोवरून ओढून पेटीत टाकायचं, मग पुढचं. ती झोपली की तो कार्डं काढून पुन्हा ओळीने लावायचा. चारच्या जागी आईचा फोटो होता, कारण आई चारला कामावरून यायची. ती वारल्यानंतरही ठकू चारला दाराशी उभी राहायची आणि थोड्या वेळाने कपाळ आपटायला लागायची. त्याने दाराला आतून जुनी गादी ठोकली, तर ती चौकट शोधायची. कपाळावर तीन टाके पडले होते. एकदा त्याने फोटोच काढून ठेवला. त्या दिवशी तिने सगळं घर उलटंपालटं केलं आणि स्वतःचा हात चावून घेतला.

"तुम्ही काढलात की तिच्यासाठी तो हरवतो," मॅडम म्हणाल्या होत्या. "तिचा तिने टाकायला हवा. आणि एक लक्षात ठेवा. बोर्डाचा शब्द तुम्ही मोडायचा नाही. एकदा मोडलात, की तिचा कशावरच विश्वास उरणार नाही."

म्हणून दुसऱ्या दिवशी तो बोर्ड आणि नवी पेटी घेऊन ठकूसह थेरपी सेंटरवर गेला. मॅडमनी तिला वजनाचं जाकीट घातलं, झोक्यावर बसवलं, मग भिंतीसमोर उभं केलं. ठकू बिथरली की हीच तऱ्हा होती. दोन्ही तळवे भिंतीला लावायचे आणि दहा आकडे होईपर्यंत जीव खाऊन ढकलायचं.

"एक, दोन, तीन," ठकू मोजत होती. दहा झाल्यावर तिचे खांदे सैल पडले.

"रडेल का?" त्याने हळूच विचारलं.

"रडू दे. तुम्ही मध्ये बोलू नका."

 ती रडेल याची त्याला भीती होतीच. पण त्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते मॅडमना सांगण्यासारखं नव्हतं. तिने रडावं, असं त्याला वाटत होतं. घरात त्याच्याशिवाय दुसरं कुणीतरी रडायला हवं होतं.

"आई संपली," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "कार्ड पेटीत."

ठकूने फोटो ओढला. त्याच्याकडे बघितलंही नाही. फटीतून सोडला आणि पुढच्या कार्डावर बोट ठेवलं. खाऊ.

"शाब्बास!" मॅडमनी टाळ्या वाजवल्या. "बघा, तुम्हीच उगाच घाबरत होतात."

रात्री त्याने स्क्रू काढून बाकीची कार्डं पुन्हा बोर्डावर लावली, आईचा फोटो तेवढा पेटीतच राहू दिला. त्याच्या पुढच्या दिवशी चार वाजले. दाराशी कुणी गेलं नाही. ठकू टेबलाशी बसून बिस्किटं खात होती, पाय हलवत गुणगुणत होती. कपाळावरची खपली सुकली होती. हेच तर हवं होतं. तो मात्र दाराजवळ उभा होता आणि त्याला हलता येत नव्हतं.

"ठकू, आई कुठे आहे?"

ती चघळत राहिली.

त्याने जवळ जाऊन तिची हनुवटी धरली. "आई कुठे आहे, सांग."

ठकूने हातातल्या बिस्किटाने पेटी दाखवली.

त्याचा हात कधी उठला, त्याला कळलं नाही. बिस्किट उडून पडलं. आठ वर्षांत त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. ती रडली नाही. खाली वाकून तिने बिस्किट उचललं, खाल्लं, बोटं फ्रॉकला पुसली. मग ती बोर्डाकडे गेली. बाबाच्या कार्डाची वेळ सहाची होती. कानामागे पेन्सिल खोचलेला त्याचा फोटो, बायकोने काढलेला. ठकूने तो ओढला आणि पेटीत सोडला. तळाशी टक असा आवाज झाला.

"ठकू, अगं, मी आहे ना. हा बघ बाबा."

तिने त्याच्या चपला आणून दाराकडे तोंड करून नीट जोडून ठेवल्या. कडी काढून दार उघडलं. मग त्याच्या मागे गेली, दोन्ही तळवे त्याच्या पाठीला लावले आणि ढकलायला लागली.

"एक. दोन. तीन."

त्याने चपला घातल्या. चार, पाच. तिच्या अंगात फार जोर नव्हता, तो सहज उभा राहू शकला असता. नऊला तो उंबऱ्यावर होता, दहाला बाहेर. मागे दार लागलं, कडी बसली. आतून वेलक्रोचा चर्र आवाज आला. तिने पुढचं कार्ड काढलं होतं.

त्याने दारावर कपाळ टेकवलं. या बाजूला गादी नव्हती.