फाईल म्हणते ‘आहे’

सर्व्हरवर पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने बिल्ड केली, म्हणजे मूळ कोडपासून तयार करून बसवली, की तिच्यात कोणत्या सोयी घातल्या, बिल्ड कुठे झाला, हे एका फाईलमध्ये आपोआप नोंदलं जातं. आमचे प्रोग्रॅम ती फाईल वाचूनच कामाला लागतात. त्या फाईलमध्ये झिपची, म्हणजे फाईली दाबून लहान करायची, सोय ‘आहे’ असं लिहिलं होतं, आणि झिप करायला गेलं की प्रोग्रॅम धाडकन आपटत होता. मशीन कशाला खोटं बोलेल? खोटं बोलायला माणूस लागतो.

बिल्ड शंतनुने केला होता. डिलाईल रोडच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारीच बसतो. सगळे प्रोग्रॅम बंद पडलेले आणि हा निवांत कटिंग चहा पीत होता, तेच मला खटकलं.

“झिप घातलंस ना रे?”

“फाईल काय म्हणते?”

“आहे म्हणते.”

“मग झालं तर, ऋता. आपोआप लिहिली जाते ती. तिच्यावर कसला संशय घेतेस?”

माझं डोकंच फिरलं. त्याच्यादेखत मी ती फाईल उघडली. बिल्ड कुठे झाला त्या ओळीतलं ‘मुंबई’ खोडून ‘लंडन’ लिहिलं आणि प्रोग्रॅमला विचारलं, तुझा बिल्ड कुठला? स्क्रीनवर आलं: लंडन.

“आता बोल. आपोआप लिहिली जाते ना?”

“अगं, असं अख्खं शहर कोण बदलतं?” शंतनु उसळला. “मी तर फक्त ‘नाही’चं ‘आहे’ केलं!”