डोळ्यांच्या विहिरीची वाट

कारच्या मागच्या सीटवर तान्ह्या नेसाचा, आपल्या लेकीचा, पट्टा आवळताना सोर्खाने सासूचं बोलणं अर्धवटच ऐकलं. ब्राइडी ओले हात अ‍ॅप्रनला पुसत दारात उभी होती. शेजारच्या मॅलकी गिबन्सकडे सोर्खा सकाळी सफरचंदाच्या केकचा तुकडा घेऊन गेली होती आणि तो तसाच परत घेऊन आली होती, त्यावरून विषय निघाला होता.

"ते नको म्हणाले," सोर्खा म्हणाली.

"पहिल्यांदा नकोच म्हणतात गं इथे. दुसऱ्यांदाही नकोच म्हणतात. आपण तिसऱ्यांदा विचारायचं असतं."

"मोठी माणसं आहेत, ब्राइडी. काय हवं ते त्यांना सांगता येतं."

सोर्खाने पट्टा पुन्हा एकदा ओढून पाहिला, मग आणखी एकदा. कॉर्कसारख्या शहरात वाढलेली, तिथेच शिकलेली ती. माणूस नको म्हणाला की त्याच्यामागे लागू नये, यालाच ती मान देणं समजत होती. ब्राइडीने खांदे उडवले आणि उरलेला केक कोंबड्यांना घालायला नेला.

तो सप्टेंबर होता. उन्हाळ्याचे पाहुणे नुकतेच गेले होते. सोर्खा आणि तिचा नवरा केविन आपलं जुनं छोटं घर मे ते ऑगस्ट भाड्याने देत. समुद्राकाठचे उंच कडे बघायला, ओहोटीच्या वेळी वाळूतून वर येणारे बुडालेल्या जंगलाचे बुंधे बघायला लोक येत, आणि आले की मॅलकीच्या शेतातली डोळ्यांची विहीरही बघून जात. वाट त्याच्या अंगणातूनच होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मॅलकी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे चालायचा. पाण्याने खरंच डोळे सुधारतात का, असं एका जर्मन बाईने विचारलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला होता की म्हणूनच तर मी चष्मा घेतला नाही, आणि म्हणूनच माझ्या मेंढ्या मोजल्या की दरवेळी वेगळा आकडा येतो. ती बाई ते वहीत लिहून घेत होती.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सोर्खा नेसाचं वजन करून घ्यायला गावातल्या आरोग्य केंद्राकडे निघाली. नेसाला दोन दिवस खोकला होता. दर वळणावर सोर्खा आरशातून मागे बघत होती. गिबन्सांच्या फाटकापाशी मॅलकी उभा दिसला, म्हणून तिने गाडी थांबवली आणि काच खाली केली.

त्याने रविवारी चर्चला जायचा काळा कोट घातला होता. बुटांना पॉलिश होतं. टोपी हातात होती.

"गावात चाललेय, मॅलकी. तुम्हाला यायचंय?"

"छे छे. मला काय होतंय? तू पोरीला बघ. खोकतेय ती."

एवढं बोलून त्याने हात गाडीच्या टपावर ठेवला आणि तो लगेच काढला नाही. पुढच्या सीटवर बाळाची पिशवी होती. सोर्खाने पिशवीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. नेसा पुन्हा खोकली. मग त्याने हात काढला आणि टपावर दोनदा थापटलं, गाईला पुढे घालताना थापटावं तसं. ती निघाली. वळण येईपर्यंत तो आरशात तिथेच उभा दिसत होता.

दुपारी डेलियाने, त्याच्या बहिणीने, बटाटे ताटात वाढून त्याला हाक मारली. तो चुलीजवळच्या खुर्चीत कोट न काढताच बसलेला होता. तो उठला नाही.

दफनाआधी मॅलकीचा देह त्याच्याच घरी पुढच्या खोलीत ठेवला होता, बोटांमध्ये जपमाळ गुंफून. दोन दिवस माणसं येत होती, डेलियाचा हात हातात घेऊन वाईट झालं म्हणत होती, आणि स्वयंपाकघरात जाऊन मेंढ्यांच्या भावाबद्दल बोलत होती. सोर्खा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. नेसाला केविनकडे ठेवलं होतं, त्यामुळे हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

"चहा घे," डेलिया म्हणाली.

"नको, खरंच."

"अर्धा कप घे."

"नको. आत्ताच घेतलाय मी."

"बस बरं. ओतलाय मी."

सोर्खा कप धरून बसली. डेलिया तिच्याशेजारी टेकली आणि खालच्या आवाजात, हवापाण्याचं बोलावं तसं बोलू लागली. सोमवारी रात्रीपासूनच त्याला छातीत दुखत होतं. तिने अँब्युलन्स बोलवायची गोष्ट काढली, तर दिवे लावून दारात येते, सगळं गाव बघतं, म्हणून तो रागावला. मंगळवारी केविनची बायको बाळाला घेऊन गावात जाते, तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाईन म्हणाला. सकाळी उठून स्वतःच बूट पुसले.

"मग आत आला," डेलिया म्हणाली. "म्हटलं, का रे, गेला नाहीस? तर म्हणाला, पोर घाईत होती गं. एकदाच विचारलंन्."

तिने सँडविचची बशी सोर्खापुढे सरकवली. सोर्खाने एक उचललं. ते हॅमचं होतं. तिने ते शेवटपर्यंत खाल्लं आणि मांडीवर पडलेले कण एकेक करून वेचले.

ती हे कुणाला बोलली नाही. केविनला वाटलं, बाळाच्या जागरणांनी थकली असेल. तिने बाटल्या दोनदोनदा उकळल्या. नेसा झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बसली. ब्राइडी गुडघ्याचं ऑपरेशन करवून गॉलवेला लेकीकडे राहायला गेली, आणि मग गिबन्सांच्या घराला या बाजूने दिवसा शेजारी म्हणून सोर्खाच तेवढी उरली.

रोज ती त्या फाटकापाशी गाडी हळू करायची. धुराड्यातून धूर दिसला की पुढे जायची. एप्रिलमध्ये एकदा बारा वाजले तरी धूर नव्हता. ती उतरली, फाटकाच्या कडीवर हात ठेवला. कडी गार होती. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. मग डेलिया बादली घेऊन गोठ्याकडे जाताना दिसली. तिने इकडे पाहिलं नाही. सोर्खा गाडीत बसली आणि घरी आली. चाळीस पावलांचं अंगण होतं. एरवी तीनशे मैलांवरून आलेले लोक ते सहज ओलांडून जायचे.

मे महिन्यात पाहुणे यायच्या आदल्या आठवड्यात तिने छोट्या घरातल्या माहितीच्या वहीची पानं पुन्हा लिहायला घेतली. कड्यांचं पान तसंच ठेवलं. वाऱ्यात काठाजवळ मुलांचा हात सोडू नका, ही ओळ तिने गडद केली. बुडालेल्या जंगलाच्या पानावर भरती-ओहोटीच्या नव्या वेळा घातल्या. विहिरीच्या पानावर 'मॅलकीला विचारा' असं होतं. तिने ते पान फाडलं, दुसरं घेतलं आणि न थांबता लिहिलं:

'डोळ्यांची विहीर. वाट गिबन्स यांच्या अंगणातून जाते. मॅलकी गिबन्स वाट दाखवायचे. ते फेब्रुवारीत वारले. मेंढ्या आहेत, फाटक लावून घ्या. घरात त्यांची बहीण डेलिया एकट्याच असतात. विहिरीकडे जाण्याआधी कृपया त्यांचं दार वाजवा. आत बोलावलं तर जा, थोडं बसा. चूल पेटलेली आहे का, त्या जेवल्या आहेत का, बघा. आणि किल्ली परत द्यायला याल तेव्हा त्या कशा आहेत ते मला सांगा. मी शेजारीच राहते.'